नंबर बदलणार नाही

ती नर्स ठाण्यातल्या बाकावर येऊन बसली, तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. मार्च महिना होता. चवदार तळ्यावर माणसं यायची होती. त्या दिवसांत महाड भरून जातं आणि आमचं सगळं ठाणं बंदोबस्ताच्या तयारीला लागतं. बॅरिकेड कुठे लावायचे, गाड्या कुठे थांबवायच्या, बाहेरून येणाऱ्या कुमकेच्या जेवणाचं काय, यातच माझी सकाळ गेली होती. दुपारी परतलो तर ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, एक बाई सकाळपासून बसल्यात. साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या, असं सांगून झालं. उठायला तयार नाहीत."

नावं मी कोणाचीच सांगणार नाही. ती सावित्रीच्या काठच्या एका गावातल्या बौद्धवाडीतली मुलगी. वय तिशीच्या आत. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून रक्तदाबाच्या यंत्राची नळी बाहेर आलेली. कामावरूनच आली असावी.

मी म्हटलं, "बाई, आमची काय गडबड चाललीय ते दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय की साहेब. मी पण दरवर्षी तळ्यावर येते," ती म्हणाली. "आमची माणसं ओंजळभर पाण्यासाठी कुठून कुठून चालत आली होती. मी तर नुसती बाकावर बसलेय. अजून बसेन."

बोलण्यात रडणं नव्हतं की विनवणी नव्हती. मी तिला आत बोलावलं आणि आमच्या महिला हवालदारांना लिहून घ्यायला बसवलं.

तक्रार अशी होती. तिच्या नावाचं एक खोटं खातं कोणीतरी समाजमाध्यमावर उघडलं होतं. त्यावर तिचा एक फोटो होता, बहिणीच्या हळदीतला. गालांना हळद, केस सुटलेले, तोंडभर हसणारी. घराघरांत असतो तसा साधा, आनंदाचा फोटो. पण त्याखाली इतका घाणेरडा मजकूर लिहिला होता की हवालदारबाईंनी तो जबाबात उतरवताना दोनदा पेन खाली ठेवलं. मजकुराखाली तिचा मोबाईल नंबर.

तेव्हापासून तो फोन थांबला नव्हता. ती सांगत असतानाही टेबलावर थरथरत होता. कुठले कुठले लोक होते. एकाचा आवाज ऐकून मीच चमकलो, कारण तो बाजारपेठेत मला रोज नमस्कार करणारा गृहस्थ होता.

"तूर्त हा नंबर बंद ठेवा," मी म्हटलं. "नवीन सिम घ्या. तेवढाच त्रास कमी."

तिने टेबलावरचा फोन पालथा घातला. मग म्हणाली, "साहेब, माझ्या भागातल्या वाड्यांमध्ये समाजमंदिरांच्या भिंतींवर हा नंबर रंगवलाय. अडलेल्या बाईचा नवरा भिंत बघून फोन लावतो. काही ठिकाणी रेंजसाठी माणूस टेकाडावर चढतो तेव्हा कुठे एक फोन लागतो. तो लागला आणि मी उचलला नाही, तर त्या बाईनं काय करायचं? मी नंबर बदलणार नाही. फोटोही काढून टाकणार नाही. माझे फोटो माझ्या माणसांसाठी आहेत. ज्यानं हे केलंय, त्याला तुम्ही शोधा."

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. त्यामुळे तो माझ्याकडेच राहिला. गुन्हा दाखल केला. खोट्या खात्याच्या स्क्रीनशॉटचा पंचनामा केला आणि खातं कोणत्या नंबरावरून उघडलं ते कळावं म्हणून जिल्ह्याच्या सायबर शाखेमार्फत कंपनीला पत्र पाठवलं. तिचा हँडसेट तपासणीसाठी हवा होता. तो तिने काढून दिला, सिम मात्र हातात घट्ट धरून ठेवलं. शेवटी हवालदारबाईंनी स्वतःचा जुना फोन दिला आणि सिम त्यात घातलं.

फोन सुरू होताच वाजला. हवालदारबाई वैतागलेल्या होत्याच. त्यांनी तो उचलला आणि ओरडल्या, "बोला, पोलीस ठाणं!"

 पलीकडून एक घाबरलेला आवाज आला, "नर्सबाय नाय काय? बायकोच्या पोटात कळा येतायत. गाडी नाय हाय इथं."

नर्सने फोन हिसकावूनच घेतला. पहिलटकरीण आहे ना, पाणी गेलं का, किती वेळाने कळ येतेय, तिला डाव्या कुशीवर झोपवा, चालवत आणू नका, असं ती उभ्या उभ्या सांगत होती. मग रुग्णवाहिकेला फोन केला, चालकाला कोणत्या वळणावर थांबायचं ते समजावलं आणि पिशवी उचलली. जबाबावर सही व्हायची होती. ती दारातच केली आणि गेली. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप.

त्या दिवसानंतर नंबर बदलायचा सल्ला मी तिला पुन्हा दिला नाही.

इतरांनी मात्र खूप दिला. तिचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी मुंबईहून निरोप धाडला की नंबर बदला, मोबाईलवरचे सगळे फोटो काढून टाका, पोलिसांतली तक्रार मागे घ्या, मग पुढचं बघू. तिचे वडील आणि चुलते माझ्याकडे आले. वडील गरीब स्वभावाचे, टोपी हातात घेऊन उभे राहिले. चुलते म्हणाले, "साहेब, प्रकरण वाढवू नका. पोरीच्या जातीला हे नडतं. मी तर आधीच बोललो होतो, फोटू टाकायचेच कशाला?"

हा प्रश्न मी त्या दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकला की मोजदाद नाही. शिकलेल्यांनी विचारला, अडाण्यांनी विचारला, आमच्या खात्यातल्यांनीही विचारला. फोटो चोरणाऱ्याबद्दल प्रश्न विचारणारे फार थोडे.

उत्तर मला द्यावं लागलं नाही. त्यांच्या मागोमाग तिची आई आली होती. ती दारातूनच म्हणाली, "भावजी, कोल्ह्यानं कोंबडी नेली तर कोल्ह्याला हुडकतात. खुराडा जाळत नाय कोणी. आणि लगीन मोडायचं तर मोडू दे. ज्यांना आत्ताच लाज वाटते ती माणसं पुढं काय आधार देणार हायत?"

लग्न मोडलं. मुलीने स्वतः फोन करून मोडलं, हे मला नंतर कळलं.

तपास अडला होता. खातं ज्या नंबरावरून उघडलं तो कळला, पण ते सिम औद्योगिक वसाहतीत काम करून परराज्यात परतलेल्या एका मजुराच्या नावावर निघालं. त्याला शोधून फोनवर विचारलं तर म्हणाला, सिम केव्हाच हरवलं. माणूस खरं बोलत होता. म्हणजे त्याचं हरवलेलं सिम इथेच कोणाच्या तरी हाती लागलं होतं.

मी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. फोटो आला कुठून? तिने तक्रारीत सांगितलं होतं की हळदीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते. ग्रुपमध्ये मामा, मावश्या, चुलत भावंडं, महाडपासून विरारपर्यंतची सगळी. त्या ग्रुपवर आधीच रणकंदन माजलेलं. एकमेकांवर संशय, कोणी रागाने बाहेर पडलेलं, कोणाला काढून टाकलेलं. मी ग्रुपवरचे हळदीचे सगळे फोटो एकेक करून बघितले. तिचे बरेच होते. पण खोट्या खात्यावरचा फोटो त्यांत नव्हता.

मग तो फोटो मोठा करून पाहिला. तो कापलेला होता. डावीकडची बाजू छाटली होती, पण छाटणाऱ्याच्या हातून एक गोष्ट राहून गेली होती. तिच्या खांद्यावर एका बाईच्या हाताची बोटं आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. फोटोत दुसरी कोणीतरी बाई होती.

मी नर्सला बोलावलं. "हा फोटो घरच्या ग्रुपवर नाही."

मी फोटोवर बोट ठेवलं.

"हा हात कोणाचा?"

"आठवत नाही साहेब. हळदीत किती जणी होत्या."

वाड्यावाड्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या तारखा तोंडपाठ ठेवणारी ती बाई. हळदीत आपल्या खांद्यावर कोणी हात टाकला ते तिला आठवत नव्हतं! माणूस खोटं बोलायला सरावलेलं नसलं की डोळे आधी खाली जातात. तिचे गेले. पण तक्रारदाराला आरोपीसारखं उलटसुलट विचारायचं नसतं. ती कोणाला तरी वाचवत होती, एवढं मला समजलं. मी एवढंच म्हटलं, "ठीक आहे. आठवलं तर सांगा."

ती दारापर्यंत गेली, थांबली. "साहेब, कंपनीकडून आलेल्या माहितीवरून नाही का सापडणार तो? दुसऱ्या कोणाचं नाव न येता?"

"प्रयत्न करतो," मी म्हटलं. याहून जास्त आश्वासन देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भरदुपारी एक बाई ठाण्यात आली. हातात भाजीची पिशवी, पदर पुढे ओढलेला. साहेबांनाच भेटायचंय म्हणाली. हवालदारबाईंना मी जवळ बसवलं, चहा मागवला. तिने तो घेतला नाही. बराच वेळ पिशवीचे बंद पिळत बसली आणि एकदम म्हणाली,

"साहेब, त्या फोटूत तिच्या खांद्यावर जो हात हाय ना, तो माझा हाय."

मग ती थांबलीच नाही. दोघी एका गावच्या, एका शाळेतल्या, लहानपणापासूनच्या मैत्रिणी. हिचं लग्न महाडमध्ये झालं, नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. निर्व्यसनी, पगार घरात देणारा, चारचौघांत मान असलेला. आणि घरात हात उचलणारा. महिनाभरापूर्वी त्याने तिचा दंड पिरगाळला होता. ती मैत्रिणीकडे गेली आणि पायरीवरून पडले म्हणाली. मैत्रिणीने दंड बघितला आणि तिला थेट ग्रामीण रुग्णालयात नेऊन मारहाणीची नोंद करायला लावली. वर तिला घरी सोडायला गेली तेव्हा उंबऱ्यातच नवऱ्याला सांगून आली, पुन्हा हात उचललात तर मी स्वतः पोलिसांत जाईन.

"तेव्हापासून तिच्यावर दात धरून हाय तो. फोटू तिनं मला एकटीलाच पाठवलेला, आम्हा दोघींचा. माझ्या मोबाईलमधून त्यानं घेतला. मला दुसऱ्या दिवशीच समजलं. आणि तिला पण समजलं असणार साहेब, माझ्याकडूनच गेला म्हणून. तरी तिनं मला एक शब्द इचारला नाय. मला तो मारील म्हणून गप राहिली. रोज त्या मेल्यांचे फोन ऐकतेय आणि गप राहिलीय."

इथे ती पहिल्यांदा रडली. हवालदारबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दुसरा मोबाईल हाय त्याच्याकडं. घरी आणत नाय. कंपनीतल्या लॉकरमध्ये असतो." तिने डोळे पुसले. "मी आले होते ते एवढ्यात त्याला सांगू नका. आधी मला पोरांना घेऊन आईकडं जाऊ दे. मग कोर्टात मीच सांगेन. कोणाच्या आडून नाय, समोर उभी राहून सांगेन."

तिची खबर मी स्टेशन डायरीत तिचं नाव न घालता नोंदवली. ती माहेरी पोचल्याची खात्री केली आणि मग नवऱ्याला चौकशीसाठी बोलावलं.

इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खुर्चीवर ऐसपैस बसला. इतक्या वर्षांत माझं एक निरीक्षण पक्कं झालंय. ज्याचा संबंध नसतो तो माणूस ठाण्यात आल्यावर अवघडतो, पाणी मागतो, मला का बोलावलंय असं पुन्हा पुन्हा विचारतो. आपण गुन्हा पचवला अशी ज्याची समजूत असते, तो सल्ले देतो. हा सल्ले देऊ लागला.

"साहेब, तुम्ही हे असले गुन्हे उगाच अंगावर घेता. आजकालच्या बायका स्वतःच फोटो टाकतात. मग जग बघणारच."

मी आवाज चढवला नाही. खोट्या खात्यावरच्या फोटोची प्रत त्याच्यासमोर ठेवली. छाटलेलीच. मुद्दाम अशी, की खांद्यावरची बोटंही दिसू नयेत. "ओळखता यांना?"

"ओळखतो ना. बायकोची मैत्रीण. मी बायकोला बजावलं होतं, असल्या बाईला खेटून फोटो काढत जाऊ नको म्हणून. बघा आता."

"या फोटोत तुमची बायको कुठे आहे?"

त्याने प्रत उचलली, पाहिली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. खिशातलं पेन काढून त्याच्याशी खेळू लागला.

"म्हणजे... हळदीत होती ती. मी आपलं अंदाजानं बोललो."

"हा फोटो हळदीतला आहे हे कसं कळलं?"

"गालाला हळद दिसतेय की."

"बरोबर. आणि बायको खेटून उभी होती, ते कशावरून दिसतंय?"

यानंतर तो पाणी मागू लागला.

त्याच दुपारी दोन पंचांसमक्ष कारखान्यातलं त्याचं लॉकर उघडलं. हेल्मेट, डब्याची पिशवी आणि पिशवीच्या तळाशी तो दुसरा मोबाईल. आत मजुराचं हरवलेलं सिम. कारखान्याच्या आवारात ते त्याला सापडलं होतं. खोटं खातं त्यात अजून उघडंच होतं. मोबाईलमधले फोटो पुसले होते, पण न्यायवैद्यक प्रयोगशाळेने ते परत काढून दिले. छाटलेलाही आणि अख्खाही.

कबुली देताना तो म्हणाला, "मला तिला घाबरवायचं होतं साहेब. एवढीच गोष्ट. बाई म्हणून गप बसेल असं वाटलं." माझ्या नोकरीत ऐकलेलं हे सगळ्यांत खरं वाक्य. असल्या गुन्ह्यांचा सगळा धंदा याच भरवशावर चालतो.

अटक झाली, जामीन झाला, दोषारोपपत्र गेलं. रस्त्यात भेटला की नमस्कार करणाऱ्या त्या गृहस्थासह जे फोन करणारे सापडले त्यांनाही एकेक करून ठाण्यात बोलावलं. "चुकून लागला" हे उत्तर मी प्रत्येकाकडून लेखी घेतलं आणि कारवाई केली. बाजारपेठेतले नमस्कार थोडे कमी झाले. माझं काही बिघडलं नाही.

नर्सला मी आरोपीचं नाव सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, "ती कुठे आहे?" सुखरूप माहेरी आहे, म्हटलं. मग ती त्या बाकावर बसून पोटभर रडली. इतके दिवस साचलेलं होतं.

खटला उभा राहिला तेव्हा मैत्रीण साक्षीला आली. बचावाच्या वकिलांनी तिला विचारलं, नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी शिकवलं? ती म्हणाली, "त्यानंच शिकवलं. माझा हात कापून फोटू टाकला ना, तवा शिकले." न्यायाधीशांनी लेखनिकाला ते वाक्य जसंच्या तसं लिहायला सांगितलं. शिक्षा झाली. त्याने वर अपील केलंय म्हणतात, चालू दे. मैत्रीण आता माहेरच्या गावी शाळेत पोषण आहार शिजवते आणि स्वतःच्या पोरांना शिकवते.

निकालाच्या संध्याकाळी नर्सने तो अख्खा फोटो स्वतःच्या खऱ्या खात्यावर टाकला. दोघी, हळदीने माखलेल्या, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर. टाकण्याआधी मैत्रिणीला विचारलं होतं. मैत्रीण म्हणाली, टाक गो, बघू दे सगळ्यांना. खाली घरच्यांनी, गावच्यांनी, मुंबईच्या भावंडांनी लाल बदाम टाकले. चुलत्यांनीही टाकला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. कायदा शिकवला, नवी यंत्रणा शिकवली, ते आहेच. फोटो पाठवताना कोणाला पाठवतो ते बघावं, आपला मोबाईल कोणाच्या हाती पडतो ते बघावं, हेही मी सांगतो. पण सावधगिरी सांगताना आपण नकळत चोराची बाजू घेऊ लागतो, हे मला त्या दोघींनी शिकवलं. माणसं आपल्या माणसांना फोटो पाठवणारच. लांब राहणाऱ्या मावशीला लग्न बघायचं असतं, मैत्रिणीला मैत्रिणीचं हसू बघायचं असतं. त्या हसण्याला पहारा बसवायचा नसतो. पहारा कुणावर ठेवायचा ते पोलिसाला तरी कळलं पाहिजे.

निवृत्तीनंतर इथल्या शाळा-महाविद्यालयांत मला सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. मागे एका ठिकाणी गेलो तर सभागृहात नुसत्या मुलीच बसवलेल्या. मुलं बाहेर मैदानात क्रिकेट खेळत होती. प्राचार्य कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, मुलींना जरा कडक शब्दांत सांगा. फोटो टाकू नका म्हणावं."

मी माईक हातात घेतला. मुलींना म्हटलं, "पोरींनो, तुम्ही मैदानात जा. बॅट आणि बॉल मुलांकडून मागून घ्या आणि त्यांना आत पाठवा."

मुली हसत, ढकलाढकली करत बाहेर पळाल्या. मुलं घामाघूम आत आली. सगळी बसेपर्यंत मी थांबलो, दार लावायला सांगितलं आणि मग बोलायला सुरुवात केली.